साफ केलेला चेहरा

॥ श्री ॥
कामठा,
२ फेब्रुवारी २०२५

ती. रुख्माबाईंच्या पायाशी सुशिलाचा नमस्कार. वि. वि.

परवा तुम्हाला फोन केला, पण त्याचा काही उपयोग झाला नाही. मी जावईबापूंचा गुडघा कसा आहे विचारले, तर तुम्ही म्हणालात दोन किलो पाठव. कशाचे दोन किलो ते मला शेवटपर्यंत कळले नाही. तुमच्या कानांपुढे फोन हरला, म्हणून पत्रच लिहिते. टपाल केशोरीला उशिरा पोचते, पण त्याला मोठ्याने ओरडावे लागत नाही.

इकडे उन्हाळी धानाची रोवणी आटोपली. पोपट वालाच्या शेंगा यंदा भरपूर लागल्या. तुमच्यासाठी वाळवून ठेवल्या आहेत.

यांना जाऊन वर्ष होईल, बरसी १६ तारखेला आहे. यांच्या पाठचे भाऊ म्हणून लीलाधरभाऊंनी सगळे अंगावर घेतले आहे. मला काही विचारले नाही असे म्हणणार नाही. बुंदी करायची की गुलाबजाम, एवढे विचारले होते. मी बुंदी सांगितली, आणि गुलाबजाम ठरले.

लिहायचे होते ते वेगळेच आहे. काल सकाळी बसस्टँडवर गेले होते. तिथे भावपूर्ण श्रद्धांजलीचे एक मोठे फ्लेक्स लागले आहे. मी त्याच्या समोर उभी राहून बसची वाट पाहत होते. वरच्या माणसाने काळा कोट घातला आहे, निळी टाय आहे, मान जाड आणि गोरी आहे. मला वाटले कोणीतरी गोंदियाचा व्यापारी वारला असेल. मग खाली नाव वाचले. स्व. जागेश्वरजी फुंडे. बाई, मी माझ्या नवऱ्याला त्याच्या नावावरून ओळखले.

डोळे यांचेच आहेत. बाकी तोंडावर एकही डाग नाही. तुम्ही यांची मोठी बहीण, कोड कधी फुटले ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ते गेले तोपर्यंत कोडाशिवाय यांचा चेहरा मी पाहिलेला नाही. तो चेहरा कोणीतरी भांडे घासावे तसा घासून काढला आहे. खाली शोकाकुल म्हणून गावातल्या मोठ्या लोकांचे फोटो ओळीने लावले आहेत. त्यांतले बरेच जण असे आहेत की ज्यांनी आयुष्यात कधी यांच्या हातचे पाणी घेतले नाही. घरी येऊन चहा केला आणि तसाच मोरीत ओतला.

संध्याकाळी भाऊंना विचारले. ते हसले. म्हणाले, फ्लेक्सवाल्याने आपणहून केले, वर म्हणाला, भाईसाहब, चेहरा एकदम साफ कर दिया, और पैसा भी नहीं लिया. सगळे म्हणतात म्हणे, दादा किती छान दिसतात. मला बोलता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे.

तुम्ही मोठ्या आहात. भाऊ तुमचे ऐकतात. १६ तारखेच्या आत ते फ्लेक्स उतरवायला सांगा, एवढेच मागणे आहे.

जावईबापूंना नमस्कार. माया आहे तशी असू द्या.

तुमची,
सुशिला


॥ श्री ॥
केशोरी,
७ फेब्रुवारी २०२५

चि. सुशिलास रुख्माचा आशीर्वाद. पत्र भेटलं. अक्षर तुझं अजून शाळेतल्यासारखंच हाय.

दोन किलो जवसाचं म्हणून राहिली होती मी. आता राहू दे, इथंच घेतलं. माह्या घरधन्याचा, तुझ्या जावईबापूचा, गुडघा सुजला हाय. डॉक्टरनं चालू नोको म्हटलं, अन् हा बुवा दिवसभर बांधावर. त्याच्या गुडघ्यापायी मले बरसीले येता येणार नाही असं दिसते, याचं वाईट वाटते.

फ्लेक्स मी नातवाच्या मोबाईलवर पाहिलं. खरं सांगू, पहिलं तर मले हसूच आलं. जागेश्वर विमा विकाले निघाला का म्हटलं. कोट तर त्यानं स्वतःच्या लग्नातही घातला नव्हता. मग हसून झाल्यावर डोळ्यात पाणी आलं, ते सांगत नाही.

तुझ्या सांगण्यावरून लीलाधरले फोन लावला. तो कायले असं केला ते त्यानं सांगितलं, नातवानं मले मोठ्यानं समजावलं. तुले त्यानं सांगितलं नाही, म्हणून मी सांगते. त्याच्या टीनाचं आमगावच्या चुन्नीलाल हत्तीमारेच्या पोराशी, प्रफुलशी, बोलणं चाललं होतं. जागेश्वर गेला म्हणून वर्षभर थांबलं. आता ते लोक बरसीच्या जेवणाले येऊन राहिले, अन् जेवणानंतर साक्षगंधाची तारीख काढाची हाय. घराण्यात कोड हाय हे त्याहिले दिसलं तर पोट्टीचं जमलेलं मोडते, हे भेव हाय त्याले. फ्लेक्सवाल्यानं आपल्या मनानं केलं हे खोटं हाय. लीलाधरनंच सांगून करवलं.

तू रागावू नोको. माह्या मनातलं बोलते. मेलेल्या माणसाले का फरक पडते? चार घंट्याचा सवाल हाय. लोक जेवतीन, तारीख काढतीन, जातीन. फ्लेक्स दुसऱ्या दिवशी कुठं राहते, बैलाच्या पाठीवर झूल होऊन. जागेश्वर असता तर तोच म्हणाला असता, राहू दे. तू लग्नात तोंड उघडली नाही, सासू होती तवा उघडली नाही, आता नेमकी कायले उघडतेस?

लाखोळीची डाळ पाठवून राहिली, एसटीच्या ड्रायव्हरजवळ दिली हाय. उतरवून घेजो. तब्येतीले जप, अन् माह्यावर डोळे वटारू नोको.

तुझी,
रुख्मा


॥ श्री ॥
कामठा,
११ फेब्रुवारी २०२५

ती. रुख्माबाईंना सुशिलाचा नमस्कार. वि. वि.

डाळ मिळाली. थोडी टीनाच्या घरी दिली.

तुम्ही लिहिले, जागेश्वर असता तर तोच म्हणाला असता, राहू दे. हे मी पुन्हा पुन्हा वाचले. बाई, तुम्ही तेव्हा केशोरीला होता, तुमचे बाळंतपण होते, म्हणून मला पाहायला कसे आले होते ते तुम्हाला नुसते ऐकून माहीत असेल, किंवा तेही नसेल. मी हे कोणाला सांगितलेले नाही.

पौष महिना होता. आमच्या माहेरी सालेकसाच्या बाजूला थंडी कशी पडते तुम्हाला माहीत आहे. मध्यस्थ आला, तुमचे वडील आले, आणि मागून हे आले ते अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. मध्यस्थाने यांच्यासाठी लांब बाह्यांचे स्वेटर आणले होते, ते यांनी बाहेर सायकलवर टाकून ठेवले. आत बसल्यावर आई पोहे घेऊन आली. यांनी दोन्ही हात माझ्या वडिलांपुढे धरले आणि म्हणाले, "आधी हे बघा. पोहे नंतर." मध्यस्थाचे तोंड काळे पडले. आमच्या घरात उजेड कमी होता, एकच खिडकी. तर हे म्हणाले, मुलीला अंगणात बोलवा, इथे नीट दिसत नाही.

मी अंगणात गेले आणि पाहिले. मला भीती वाटली. ती वाटली नाही असे आता म्हणणे खोटे होईल. पण माणूस स्वतःहून उन्हात येऊन उभा राहिला होता आणि अंग आखडून कुडकुडत होता. मी आत जाऊन आईला म्हटले, त्यांना आधी स्वेटर द्या. यावरून माझा होकार सगळ्यांनी समजून घेतला.

हा माणूस राहू दे म्हणाला असता का? लग्नाच्या पंगतीत वाढणारे यांच्या पानात वरण उंचावरून टाकत, पळी पानाला लागू नये म्हणून. हे घरी येऊन म्हणत, माझे वरण वरून येता येता निवते, तुमच्यासारखी माझी जीभ भाजत नाही. मी हसत नसे. मला वाढणाऱ्याच्या हाताची शिसारी येत असे. पण यांनी कधी बाही खाली ओढली नाही.

भाऊंनी करवून घेतले हे तुमच्या पत्रातून कळले. त्या दिवशी माझ्या तोंडावर हसून फ्लेक्सवाल्याचे नाव सांगितले. मला कोटाची किळस होती, आता हसण्याचीही आली. फोटो टीनाने बांधावर तिच्या मोबाईलवर काढला होता. तिला वाटले बाबा मोठा करून फ्रेम करून आणतील. तिने फ्लेक्स पाहिले तेव्हापासून बापाशी बोलत नाही. मी तिला सांगितले आहे की पाहुण्यांसमोर याबद्दल चकार शब्द काढायचा नाही.

तरी तुमचे एक म्हणणे मी धरून बसले आहे. टीनाचे जमलेले मोडू नये. तिची आई शामकला आजारी होती तेव्हा ती पोर माझ्याकडे राहिली, दूधभात माझ्या हातचा खाल्ला. त्या घरातली ती एकटीच, जी यांच्या पेल्यातले उरलेले पाणी पिऊन टाकायची आणि पेला उपडा ठेवायची. तिच्यासाठी १६ तारखेला मी गप्प राहीन. पण त्या फ्लेक्सखाली बसणार नाही. स्वयंपाकाकडे बसेन. घास गिळावा तशी किळस गिळते आहे, एवढे समजा.

जावईबापूंना शेतात जाऊ देऊ नका, खाटेला बांधा. मला विसरू नका.

तुमची,
सुशिला


॥ श्री ॥
कामठा,
१८ फेब्रुवारी २०२५

ती. रुख्माबाईंना नमस्कार. वि. वि.

बरसी झाली. कशी झाली ते लिहिते, म्हणजे दुसऱ्या कोणाकडून तुम्हाला वेगळे कळायला नको.

सकाळी पूजा झाली. बसस्टँडवरचे फ्लेक्स रात्रीच उतरवून मांडवात आणून लावले होते. मोठे हार घातले, समोर समई. भजनी मंडळी त्या कोटवाल्याकडे तोंड करून भजन म्हणत होती. मी ठरवल्याप्रमाणे आत चुलीवरच्या भाताच्या गंजापाशी बसले होते.

दुपारी आमगावचे पाहुणे आले. चुन्नीलालजी, त्यांची बायको आणि प्रफुल. मुलगा साधा वाटला, बोलताना खाली पाहतो. भाऊ त्यांना हाताला धरून फ्लेक्सपाशी घेऊन गेले, फुले वाहायला. चुन्नीलालजी फुले हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले. मी दारातून पाहत होते. त्यांनी भाऊंना विचारले हे कोण. भाऊ म्हणाले, माझे मोठे भाऊ. तेव्हा ते म्हणाले, "जागेश्वरभाऊंना मी ओळखतो. हा कोण आहे?"

भजन थांबले. पुढचे सगळ्यांना ऐकू गेले.

बाई, हे मलाही माहीत नव्हते. गेल्याच्या गेल्या दिवाळीत हे आमगावला गेले होते. मला म्हणाले होते फवारणीच्या पंपाचे वॉशर आणतो. चुन्नीलालजींचे खताचे, बियाण्यांचे दुकान आहे. हे तिथे गेले आणि म्हणाले, आमच्या पोरीचे तुमच्याकडे बोलणे आहे म्हणून दाखवायला आलो. माझ्या आजीला होते, मला आहे, पोरीला आज नाही, उद्याचे मला माहीत नाही. हे धरून हो म्हणा, नाहीतर आजच नाही म्हणा. चुन्नीलालजींनी डॉक्टरला विचारून, घरात विचारून, मग बोलणे पुढे नेले होते. ते म्हणाले, त्या दिवशी चहा घेतल्यावर जागेश्वरभाऊ आपला कप स्वतः धुवायला उठले, मी उठू दिले नाही. अशा माणसाच्या घरची मुलगी म्हणून आम्ही वर्षभर थांबलो. मग फ्लेक्सकडे बोट करून म्हणाले, "जे घर मेलेल्याचा चेहरा धुऊन काढते, ते जिवंत माणसाचे काय काय झाकत असेल?"

भाऊ काहीतरी बोलत राहिले, हिंदीत, मराठीत. फ्लेक्सवाला, कॉम्प्युटर, गलती से हो गया. पाहुणे जेवायला बसले नाहीत. जाताना चुन्नीलालजी स्वयंपाकाकडे आले, माझ्यापुढे हात जोडले आणि गुळाचा खडा व पाणी मागितले. बरसीच्या घरून कोरड्या तोंडाने जाऊ नये म्हणाले. मी दिले. मग ते गेले. गुलाबजाम गावातल्या लोकांनी दोनदा दोनदा मागून खाल्ले, आणि शोकाकुल मंडळींनी फोटो काढले.

मला वाटले किळस इथे संपली. संध्याकाळी भाऊ आणि शामकला माझ्याकडे आले. भाऊंनी उपाय काढला होता. मी त्यांच्यासोबत आमगावला जायचे आणि सांगायचे की डाग काढायला मीच लावले. आयुष्यभर ते डाग पाहून मी कंटाळले होते, निदान गेल्यावर तरी नवरा चांगला दिसावा अशी माझी इच्छा होती, भाऊंनी माझे मन राखले. म्हणे विधवेच्या शब्दावर कोणी बोट ठेवत नाही. शामकलाने माझे पाय धरले. टीनाने सकाळपासून काही खाल्ले नाही असे सांगून रडली.

भाऊंनी हे अगदी शांतपणे सांगितले, दुकानात साडी दाखवावी तसे. एवढे म्हटले की पोरीचे लग्न होऊन जाईल, आणि तुमचे काय जाते वहिनी.

बाई, माझे काय जाते ते मला नीट सांगता येत नाही. पण मी ते म्हटले तर तो अंगणातला दिवस खोटा होतो. आणि नाही म्हटले तर टीनाचे जाते. दोन दिवस मला भात गोड लागत नाही. तुम्ही सांगाल ते करीन.

तुमची,
सुशिला


॥ श्री ॥
केशोरी,
२३ फेब्रुवारी २०२५

चि. सुशिलास आशीर्वाद.

तुझं पत्र नातवानं वाचून दाखवलं, मग म्या पुन्हा स्वतः वाचलं. तुझ्या जावईबापूनं लीलाधरले फोन लावून दिला. म्या त्याले अशी शिवी घातली की ओट्यावरची कोंबडी उठून गेली. तो तिकडून का बोलला ते मले ऐकू आलं नाही, बरंच झालं.

दुकानात जाऊन हात दाखवला जागेश्वरनं, हे वाचून मी लय वेळ चुलीपाशी बसली. लहानपणी वाटेत चिखल लागला तरी तो मागं फिरत नव्हता. म्या जे म्हटलं होतं, राहू दे म्हणाला असता, ते मागे घेते. पुन्हा काढू नोको.

आता तू मले विचारतेस का करू. मी केशोरीत बसून सांगणारी कोण? लीलाधर का म्हणते, शामकला का रडते, ते सोड. लग्न कोणाचं हाय? पोट्टीचं. मग तिले कोणी विचारलं का? तिले घेऊन बस, दार लाव, अन् विचार. ती जे म्हणन ते कर. ती खोटं बोल म्हटली तर तेही कर, अन् मंग मले शिव्या दे. पण विचार.

अन् भात खात जा. उपाशी माणसाले सगळंच कडू लागते.

तुझीच,
रुख्मा


॥ श्री ॥
कामठा,
२१ एप्रिल २०२५

ती. रुख्माबाईंच्या पायाशी सुशिलाचा नमस्कार. वि. वि.

इतके दिवस लिहिले नाही, कारण लिहिण्यासारखे काही ठरत नव्हते. आता ठरले आहे. टीनाचे साक्षगंध अक्षय तृतीयेच्या, आपल्या अक्तीच्या, दुसऱ्या दिवशी, १ मे रोजी. तुम्ही आणि जावईबापू अक्तीच्या आदल्या दिवशीच या. गुडघ्याचे कारण चालणार नाही. भाड्याची गाडी करा.

सगळे सुरुवातीपासून सांगते. तुमचे पत्र आले त्याच दिवशी टीनाला बोलावले, दार लावले आणि विचारले. ती म्हणाली, "मोठी आई, तू असं सांगितलंस तर मी त्या घरात मोठ्या बाबांचं नाव कसं घेऊ?" मला एवढे पुरे झाले.

मग मी आमगावला गेले. भाऊंना सांगितले नाही. बसने एकटीच गेले. चुन्नीलालजी दुकानात होते, त्यांनी घरी नेले. मी सांगितले की फ्लेक्स भाऊंनी तसे करवले, भीतीने केले. मला पाच-सहा दिवस आधी माहीत होते आणि मी गप्प राहिले. मुलगी गप्प राहिली ती माझ्या सांगण्यावरून. ज्यांच्या नावाने बरसी होती त्यांनी मात्र कधी असे केले नसते. मी आणखी काही मागितले नाही. लग्न करा असेही म्हटले नाही.

चुन्नीलालजींच्या पत्नीने एक प्रश्न विचारला. बाई चांगली आहे, पण विचारताना खाली पाहत होती. म्हणाली, इतकी वर्षे संसार केलात, मग सवय झाली असेल ना? मी म्हटले, सवय आवडत नसलेल्या गोष्टीची करावी लागते. हे मी कसे बोलले ते मला माहीत नाही. परत येताना बसमध्ये तोंड पदराने झाकून बसले होते.

पाडवा झाला तरी निरोप नाही. भाऊ माझ्याकडे येईनासे झाले. शामकला विहिरीवर भेटली तरी तोंड फिरवून घागर उचलायची. मोहफुले वेचायचे दिवस आले आणि गेले. मग एक दिवस प्रफुल स्वतः मोटरसायकलने आला, बापाची चिठ्ठी वगैरे काही नाही. अंगणात उभा राहून म्हणाला की घरच्यांचे ठरले आहे, आणि माझेही ठरले आहे, आणि टीनाला एकदा विचारून घ्या. यांच्यासारखाच अंगणात उभा होता, पण याने चांगले जाड जाकीट घातले होते, एप्रिलच्या उन्हात. घामाने भिजला होता. मी सरबत दिले. टीनाने मान हलवली.

आता शेवटचे ऐका, मग तुम्हीच ठरवा की हसायचे की काय करायचे.

परवा बसस्टँडवर नवे फ्लेक्स लागले. पाहुण्यांचे हार्दिक स्वागत, खाली स्व. जागेश्वरजी फुंडे यांच्या आशीर्वादाने. कोट तोच, टाय तीच, मान तीच. पण या वेळी भाऊंनी डाग घालून घेतले आहेत. चुन्नीलालजींना दिसावे म्हणून. फ्लेक्सवाल्याकडे जुना खरा फोटो राहिला नसावा किंवा त्याने पाहिलाच नाही. त्याने कुठून तरी दुसऱ्या माणसाचे डाग आणून चिकटवले. दोन्ही गालांवर सारखे, एकाला एक, रांगोळीचे ठिपके असावेत तसे. कोटाच्या बाहीतून बाहेर आलेले हात यांचे नाहीतच, त्या परक्या हातांवरही डाग दिले आहेत. भाऊ भेटले तेव्हा मोठ्या मनाने म्हणाले, आता तर खूश ना वहिनी, तुम्हाला पाहिजे तसे करून टाकले.

पहिल्या फ्लेक्सने मला ओकारी आली होती. या दुसऱ्याने ती कोरडी झाली. त्यांनी यांचा चेहरा कधी पाहिलाच नव्हता, बाई. एका घरात जन्मले, एका बांधाला बांध लागून शेत केले, आणि भावाच्या कोणत्या गालावर काय आहे ते माहीत नाही. डाग आहेत एवढेच माहीत, आणि ते काढायचे तेव्हा काढले, घालायचे तेव्हा घातले.

मी तिथून बसस्टँडवर गेले. शेजारच्या चहावाल्याकडे शिडी मागितली आणि विळ्याने दोऱ्या कापल्या. चहावाला शिडी धरून म्हणत होता, काकी, मैं काट देता हूँ, गिर जाओगी. मी त्याला कापू दिले नाही. भरदुपार होती, सगळे पाहत होते. फ्लेक्स खाली पडले, मी घडी केली आणि भाऊंच्या अंगणात नेऊन ठेवले. शामकला धान वाळवत होती. बरसीनंतर पहिल्यांदाच तिने मला पाणी दिले.

टीना म्हणते, खरा फोटो माझ्या मोबाईलमध्ये आहे, तो मोठा करून घरात लावू. मी नको म्हटले. तो तिचा आहे, तिच्याजवळ राहू दे. कागदावर चेहरा आला की कोणाला ना कोणाला त्यात सुधारणा करावीशी वाटते. अक्तीला यांच्या नावाने घागर भरीन. घागरीला फोटो लागत नाही, नाव घेतले की पुरते.

पण तुमचे लग्न लवकर झाले, तुम्ही केशोरीला गेलात तेव्हा यांना ओठाच्या कोपऱ्यावरचा एकच डाग होता. पुढचे तुम्हाला माहीत नाहीत, आणि माझ्याशिवाय आता ते कोणाला माहीत नाहीत. म्हणून लिहून देते.

ओठाचा तो डाग पुढे हनुवटीखाली उतरला आणि गळ्यापाशी थांबला. दाढी केली की त्या जागी ब्लेड लागत असे, तिथली कातडी पातळ होती. डाव्या डोळ्याभोवती एक होता, त्यामुळे त्या डोळ्याची भुवई अर्धी काळी आणि अर्धी पांढरी. उजवा गाल पूर्ण कोरा होता, फक्त कानाच्या पाळीवर थोडेसे. त्या कानाला ऊन लागले की लाल व्हायचा, म्हणून रोवणीत ते त्या बाजूने दुपट्टा ओढून घेत. मानेवर मागे एक मोठा, पळसाच्या पानासारखा. हातांवर मनगटापासून बोटांपर्यंत, पण उजव्या अंगठ्यावर नाही. तो अंगठा तुमच्यासारखाच काळा होता. पायाच्या नडग्यांवर तुटक तुटक, चिखल वाळून गेल्यावर राहतो तसे. शेवटच्या वर्षी पाठीवर एक नवा फुटला होता, डाव्या खांद्याच्या खाली, बोराएवढा. तो त्यांना स्वतःला दिसत नसे. मी त्यांना त्याबद्दल सांगितले तेव्हा ते म्हणाले, वाढला की सांगत जा. तो वाढला नाही.

तुम्ही याल तेव्हा बोलूच. नात्याचा धागा धरून ठेवा.

तुमची,
सुशिला